ताथोड मॅडमचं खरं

"तुही जीभ जाड आहे, पण ते सुधरते. याचं मात्र काही होत नाही. याले घरी घेऊन जाय."

ताथोड मॅडमच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं बोलणं. आमच्या वाशीमकडच्या मालेगावात बस स्टँडच्या मागे एक कृषी केंद्र आहे, त्याच्या वरच्या खोलीत त्या जपानी शिकवायच्या. मला तिथं घेऊन गेला होता माझा चुलतभाऊ प्रशांत. मोबाईलवर जपानी कार्टून बघून बघून आपल्याला निम्मी भाषा येते असं त्याला वाटायचं. त्यानं ऐटीत चार वाक्यं म्हणून दाखवली. मॅडमनी ती शांतपणे ऐकून घेतली, मला एक शब्द म्हणायला लावला आणि वरचा निकाल दिला. प्रशांत कानापर्यंत लाल झाला. जिना उतरताना त्यानं मॅडमना जे नाव ठेवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. आज त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, चांगलं चालतं, पण मॅडमचं नाव काढलं की हातातला स्क्रू तो अजूनही जरा जास्तच आवळतो.

मॅडम मूळच्या कामरगावच्या. चाळिशीच्या आसपासचं वय, बुटका बांधा, पंजाबी ड्रेसखाली पळण्याचे बूट आणि केस इतके घट्ट बांधलेले की बघणाऱ्याचं डोकं दुखावं. पुण्यात शिकल्या, तिथून एक्स्चेंज स्टुडंट म्हणून एक वर्ष जपानला गेल्या. परत आल्यावर काही वर्षं पुण्यातच एका कंपनीत दुभाष्याचं काम केलं आणि मग का कोण जाणे, मालेगावात खोली घेऊन बसल्या. एवढं फिरूनही बोलणं कामरगावचंच राहिलं. वर्गात जपानी, वर्गाबाहेर वऱ्हाडी, मधलं काही नाही. त्यांच्या जुन्या जपानी प्राध्यापिकेचा त्यांच्या शब्दावर भारी विश्वास होता. त्यामुळे तिकडच्या एका लहान गावातल्या विद्यापीठात दरवर्षी एक जागा मॅडमच्या शिफारशीवर मिळायची. एक वर्ष, राहणं-खाणं-शिकणं सगळं त्यांच्याकडून. अशी एकच जागा, आणि तिच्यासाठी आम्ही बारा-चौदा जण मॅडमचं सगळं सोसायचो.

सोसणं म्हणजे काय ते सांगते. सकाळी सातला दार बंद. सात वाजून एक मिनिटानं आलेल्यानं जिन्यात उभं राहायचं, जिथं खालच्या दुकानातल्या फवारणीच्या औषधांचा असा वास कोंडलेला असायचा की डोळ्यांतून पाणी यायचं. तासभर तिथं उभं राहून आत काय चाललंय ते ऐकायचं आणि शेवटी दार उघडलं की ऐकलेलं सांगायचं. वह्या बंद, सगळ्यांना पाट्या. मॅडम ओला फडका घेऊन फिरायच्या. एका अक्षराची एक रेघ चुकली तर पूर्ण पाटी पुसायच्या, त्यात दहा ओळी बरोबर असल्या तरी. "चुकलेलंच पुसा न मॅडम," असं एकदा कुणीतरी म्हणालं. "बरोबर आलेलं तुले येतेच न? मंग परत लिहाले काय झालं?"

शिक्षक दिनाला आम्ही वर्गणी काढून त्यांच्यासाठी शाल आणि नारळ आणला. मॅडमनी विचारलं, आज गृहपाठ कुणी कुणी केला? दोघांनी हात वर केले. "मंग ही शाल फक्त या दोघायची होते," असं म्हणून त्यांनी शाल घडी करून टेबलावर ठेवली, "अन् दोघायच्या मानानं ही लय मोठी आहे. वापस करून या." नारळ मात्र फोडला आणि खोबरं सगळ्यांना वाटलं. खोबरं खाताना एक मुलगी रडत होती. तिला म्हणाल्या, "चावून खाय, अडकन."

माझ्यावरही पाळी आलीच. त्या एका जागेसाठी मुलाखतीचा सराव चालू होता. मी रात्रंदिवस घोकून उत्तर तयार केलं होतं, की मला जपानच्या शिस्तीबद्दल आदर आहे, दोन देशांमधला पूल व्हायचं आहे वगैरे. मॅडमनी शेवटपर्यंत ऐकलं. मग जपानी सोडून वऱ्हाडीत आल्या, आणि तेव्हाच मला कळलं की आता काही खरं नाही.

"ऋतुजा, तुले जपानले नाही जायचं. तुले मालेगावातून जायचं आहे. कोनी नेपाळचं तिकीट देलं तरी तू हेच भाषण करशीन."

सगळा वर्ग हसला. मी मान खाली घातली. त्या बोलल्या ते शंभर टक्के खरं होतं, म्हणूनच मला त्यांचा इतका राग आला की पुढे आठवडाभर मी त्यांच्याकडे बघूनही बोलत नव्हते. त्यांना त्याचा पत्ताही नसावा.

त्या वर्षीची जागा पल्लवीला मिळाली. पल्लवी माझी मैत्रीण, शाळेपासूनची. मालेगावच्या कडेला त्यांचा मळा होता. वांगी, मेथी, सांभार असं रोज तोडून बाजारात नेणारं घर. सांभार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर. तिचे बाबा, गजाननभाऊ, निवड झाल्यावर वांग्यांची पहिली तोड टोपलीभर घेऊन वर्गात मॅडमकडे आले. मळ्यातला पहिला माल आधी ज्याचे उपकार आहेत त्याच्या दारात, ही त्या घराची रीत. मॅडमनी टोपलीतून दोन वांगी काढली. "मी एकटी आहे भाऊ. बाकीचे खराब होतीन, घेऊन जा." गजाननभाऊंचा चेहरा पडला. तेवढ्यात मॅडमनी त्यांना बाकावर बसवलं आणि पल्लवीला जपानीतून एकेक प्रश्न विचारायला लागल्या. वांग्याचं रोप किती दिवसांचं लावतात, अळी लागली तर काय करता, पाणी किती दिवसांनी. पल्लवी उत्तरं देत होती, मॅडम ती गजाननभाऊंना वऱ्हाडीत सांगून विचारत होत्या, "बरोबर सांगून राह्यली का ही?" आणि ते दरवेळी मान डोलावत होते, एकदा फक्त म्हणाले, "नाही, पाणी एक दिवसाआड." पल्लवीला ते दुरुस्त करून पुन्हा म्हणावं लागलं.

निघताना मॅडम त्यांना म्हणाल्या, "पोट्टी हुशार आहे. पन भेकड आहे. तिकडं रडत बसली तर वर्ष फुकट जाईन."

"रडू द्या न मॅडम," गजाननभाऊ म्हणाले, "रडून रडून शिकन तरी."

मॅडमना असं कुणी उत्तर दिलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. त्या चक्क हसल्या.

पल्लवी जायच्या आधीच्या आठवड्यात मॅडमनी आम्हाला ऐकण्याचा एक उतारा दिला. म्हणजे त्या जपानीत गोष्ट सांगणार आणि आम्ही शेवटी पाच प्रश्नांची उत्तरं लिहायची. गोष्ट अशी. एक मुलगी परदेशात शिकायला जाते. तिचे वडील इकडे वारतात. घरचे ठरवतात की परीक्षा होईपर्यंत तिला सांगायचं नाही. ती दर आठवड्याला फोन करते. घरचे कधी म्हणतात वडील वावरात गेले, कधी म्हणतात झोपले. चार महिने. मुलगी वर्ष संपवून परत येते. वडिलांसाठी तिनं तिथल्या शेतकऱ्यांचे रबरी बूट आणलेले असतात. गावच्या फाट्यावर ती जीपमध्ये बसते. जीपवाला ओळखीचा असतो. तो तिला विचारतो, बाबाच्या तेरवीला का नाही आलीस?

मग प्रश्न. वडील कोणत्या महिन्यात वारले? मुलीनं काय आणलं होतं? तिला बातमी कुणी दिली? आम्ही माना खाली घालून लिहीत होतो. पल्लवीची पेन्सिल थांबली आणि ती रडायला लागली. गोष्टीतली मुलगी कोण ते तिला आमच्या आधी कळलं होतं. मॅडम तिच्याजवळ गेल्या, पाटी बघितली. दोन प्रश्न कोरे होते.

"तो जीपवाला कामरगावचा आहे, आताही गाडी चालवते," मॅडम म्हणाल्या. "पन प्रश्न रडाचा नव्हता. तीन मार्क."

पल्लवी एप्रिलमध्ये गेली. जूनच्या शेवटी एका सकाळी गजाननभाऊ विहिरीवर मोटर सुरू करायला गेले, पेटीला हात लावला आणि तिथंच पडले. शॉक लागला होता. मला कळलं तेव्हा आठ वाजले होते. मी मळ्यावर पोचले तर अंगणात माणसं जमली होती आणि पल्लवीची आई भिंतीला टेकून बसली होती.

पल्लवीचे मोठे बाबा, म्हणजे गजाननभाऊंचे थोरले भाऊ, सगळी सूत्रं हलवत होते. त्यांनी जमलेल्यांना एकच गोष्ट बजावून सांगितली: पोरीला कळवायचं नाही. महिन्याभरानं तिच्या पहिल्या सत्राची परीक्षा आहे. ती झाली की सुट्टी लागते, तेव्हा सांगू, तेव्हा येऊन जाईल. मधेच निघून आली तर जागा जाते आणि पुन्हा मिळत नाही, हे पल्लवीनंच जाताना सगळ्यांना सांगितलं होतं. तोपर्यंत फोन आला तर बाबा वाशीमच्या बाजारात गेले म्हणायचं. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. आमच्याकडे असंच करतात. बाळंतिणीला सांगत नाहीत, परीक्षेच्या पोराला सांगत नाहीत, लांब असलेल्याला सांगत नाहीत.

मॅडम आल्या. कुणीतरी त्यांना हा बेत सांगितला. त्या सरळ मोठ्या बाबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"तुमी महिनाभर त्या पोरीशी खोटं बोलसान?"

"मॅडम, हात जोडतो तुमाले. तिचं वर्ष जाईन."

"बाप तिचा गेला. तिचं वर्ष तिच्यापाशी. तुमी ठरवनारे कोन?"

तेव्हा पल्लवीची आई पहिल्यांदा बोलली. "मॅडम, त्यायचीच लय इच्छा होती तिनं शिकावं म्हनून. नका सांगू. मी बोलन तिच्याशी नीट. मले जमन."

त्या बाईकडे बघून दगडालाही पाझर फुटला असता. मॅडम तिच्याकडे बघत होत्या. मग त्या अंगणातून बाहेर गेल्या, सांभाराच्या वाफ्याशी जाऊन उभ्या राहिल्या आणि फोन लावला. मी मागोमाग गेले होते, त्यांना अडवायला की ऐकायला, ते आज सांगता येत नाही.

"पल्लवी, कुठं आहेस? खाली बस. बसली? तुहे बाबा आज सकाळी गेले. मोटरचा शॉक लागला. त्रास झाला नाही, लगेच गेले." पलीकडून आलेला आवाज मलाही ऐकू आला. मॅडमनी फोन कानापासून दूर केला नाही. तो आवाज थांबेपर्यंत त्या उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "आता आयक. आज दुपारी नेतीन, तू पोचत नाहीस. आलीस तर जागा जाईन. नाही आलीस तर परीक्षा देता येईन. काय कराचं ते तू ठरव. मी सांगनार नाही."

पल्लवी आली. येणारच होती. मुंबई, तिथून रेल्वेनं अकोला, अकोल्याहून जीप. पोचली तोवर राख सावडून झाली होती. विद्यापीठाकडून आठवड्यानं पत्र आलं, फार नम्र, फार लांबलचक, आणि अर्थ एवढाच की जागा गेली.

इथं एक कबूल करते. पल्लवी परत आली आणि तिची जागा गेली हे कळलं तेव्हा माझ्या मनाच्या एका कोपऱ्यात आनंद झाला होता. लिहिताना लाज वाटते, पण झाला होता.

पुढचं मग आपोआपच झालं. आमच्याकडे घरात बाप गेला की लग्नाची पोर वर्षाच्या आत उजवायची, नाही तर तीन वर्षं थांबायचं. तीन वर्षं थांबायला मोठे बाबा तयार नव्हते आणि पोर तर घरातच होती, हाताशी. जपानात असती तर वर्षाच्या आत कुणी कुणाला उजवलं असतं? फेब्रुवारीत पल्लवीचं लग्न रिठदला लागलं. चांगलं खातंपितं शेतकऱ्याचं घर, नवरा बरा, तक्रार करावी असं काही नाही.

लग्नानंतर दोन महिन्यांनी मॅडम मला म्हणाल्या, चल, पल्लवीला भेटून येऊ. त्यांनी पिशवीत पुस्तकं घेतली होती. ती घरी अभ्यास करून जपानीची परीक्षा देऊ शकेल, खालची एक पातळी तरी, असं त्यांचं म्हणणं. रिठदला पोचलो तर पल्लवी ओसरीवर तूर निवडत होती. आम्हाला बघून उठली, पाणी आणलं, चहा ठेवला. सासू शेजारी गेली होती. मॅडमनी पुस्तकं काढून तिच्यासमोर ठेवली. पल्लवीनं त्यांना हात लावला नाही.

"मॅडम, एक बोलू?" ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता, भांडणाचा नव्हता. "तुमी मले म्हनलं, तू ठरव. बाप मेला आयकल्यावर कोनती पोरगी म्हनन का मी नाही येत? तुमी मले ठरवाले कुठं देलं?"

मॅडमनी चहाची बशी उचलली.

"अन् अजून एक. नसतं सांगतलं तर महिनाभर माहा बाप जिता राह्यला असता माह्यासाठी. वाशीमच्या बाजारात गेला असता, मळ्यात असता. मी परीक्षा देली असती अन् त्यायले सांगाले फोन केला असता. मोटरनं तर तो गेलाच. माह्याजवळचा तुमी मारला."

मॅडमनी चहा संपवला, पूर्ण, बशीतला थेंबसुद्धा. पुस्तकं परत पिशवीत भरली. पल्लवीच्या डोक्यावरून हात फिरवतील असं मला वाटलं, पण तो त्यांचा स्वभाव नव्हता. जीपमध्ये त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. वाशीम जवळ आल्यावर म्हणाल्या, "खरं बोलली ते." बस, एवढंच.

त्या वर्षी जागा मला मिळाली. अर्जावर सही करताना मॅडमनी मान वर केली नाही. "पल्लवी वापस आली तवा तू मनातून खूश झाली होती. मी पाह्यलं. तरी तुलेच पाठवून राह्यली, काऊन का तुले येते." मी रडले. त्यांनी सही केली, शिक्का मारला आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

निघायच्या दिवशी मालेगावच्या स्टँडवर आई-बाबा होते, प्रशांतही आला होता, तो मॅडम दिसताच लांब जाऊन उभा राहिला. बस लागली. मॅडमनी मला बाजूला घेतलं. इतक्या वर्षांत त्यांनी कधी काही बोलण्याआधी मला विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं.

"तू तिकडं असतानी इथं काही झालं, तं सांगू का तुले?"

माझ्या डोळ्यांसमोर ओसरीवरची पल्लवी आली. मी म्हणाले, "नका सांगू."

"पक्कं?"

"पक्कं."

"बरं," त्या म्हणाल्या. बसच्या खिडकीतून मी पाहिलं तेव्हा त्या माझ्या आई-बाबांच्या शेजारी उभ्या होत्या, हात हलवत नव्हत्या.

मला इथं येऊन सात महिने झाले. इथले शिक्षक फार गोड आहेत. माझं कितीही चुकलं तरी म्हणतात, छान, फारच छान. पहिले काही दिवस बरं वाटलं. मग कळायला लागलं की आपण चुकतोय हे आपल्याला कुणीच सांगणार नाही. म्हणून दर रविवारी मी मॅडमना व्हिडिओ कॉल करते आणि त्या अर्धा तास माझी सालटी काढतात.

गेल्या रविवारी आधी घरी फोन केला. आमची पिठाची गिरणी घराला लागूनच आहे, फोनवर तिचा आवाज कायम मागे चालू असतो. त्या दिवशी नव्हता. आई म्हणाली, लाईट गेली. बाबांना दे म्हटलं तर म्हणाली, अकोल्याला लग्नाला गेलेत, फोन घरीच विसरले. त्याच्या आधीच्या रविवारी ते झोपले होते. आई नीट बोलत होती, हसत होती.

मी लगेच मॅडमना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी माझी दोन वाक्यं ऐकून दोन्ही चुकीची ठरवली. मी म्हणाले, "मॅडम, बाबा बरे आहेत न?"

"बरे आहेत."

अजिबात न थांबता. मी त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून बघत राहिले. तीन वर्षं मी तो चेहरा खरं बोलताना पाहिला होता. आताही तो तसाच होता, घट्ट केस, घट्ट ओठ, एक रेघ इकडची तिकडे नाही. बाबा खरंच लग्नाला गेले असतील. गावात लाईट तर रोजच जाते. पण जगात एकच बाई होती जिच्या शब्दावर मी डोळे मिटून विश्वास ठेवला असता, आणि तिला खोटं बोलायची परवानगी मीच देऊन आले होते.

"मॅडम, खरंच?"

"पुस्तक उघड," मॅडम म्हणाल्या.

मी उघडलं.